पिसवेची उडी

१९०३ सालचा एप्रिल महिना. मुंबईतल्या एका चाळीत ६ तारखेपासून उंदीर पडायला लागले. मरणं वेगळं, पडणं वेगळं. मांजराने धरला किंवा सापळ्यात सापडला, तो उंदीर मेला. पण जो भरदिवसा कौलांतून झिंगत खाली आला, माणसांना न बिचकता खोलीच्या मधोमध गरगरला आणि तिथेच आडवा झाला, तो पडला. प्लेगच्या सात वर्षांत हा फरक मुंबईकरांना चांगलाच कळला होता. चार-पाच दिवसांनी उंदीर पडायचे एकाएकी थांबले. चाळीला जरा हायसं वाटतं न वाटतं तोच, ११ तारखेपासून, खोल्याखोल्यांतून पिसवांचा सुळसुळाट झाला. इतका, की आत बसवेना. बिऱ्हाडं अंथरुणं उचलून गॅलरीत झोपायला आली. १७ तारखेला ज्या खोलीत पिसवांचा सर्वांत जास्त उपद्रव होता तिथल्याच एका माणसाला गॅलरीत असताना प्लेगने गाठलं. त्याच दिवशी लागूनच्या खोलीतलं आणखी एक माणूस आजारी पडलं.

त्या सुमारास परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत विल्यम ग्लेन लिस्टन नावाचा डॉक्टर होता. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला, तिशीतला. हकीगत कानावर येताच त्याने एक साधी गोष्ट केली. चाळीतल्या लोकांना गळ घातली, की तुम्हाला चावणाऱ्या पिसवा मारून टाकू नका, धरून मला द्या. तीस पिसवा हाती आल्या. भिंगाखाली त्यातल्या चौदा उंदरांच्या अंगावरच्या जातीच्या निघाल्या. एरवी, म्हणजे आसपास उंदीर पडत नसताना, माणसांच्या अंगावरून धरलेल्या २४६ पिसवा त्याने तपासल्या होत्या, आणि त्यांत उंदराची पिसू होती अवघी एक.

दोनशे सेहेचाळीसांत एक, आणि तिसांत चौदा. प्लेग माणसापर्यंत कसा पोचतो याचं उत्तर या दोन आकड्यांत होतं. ते मान्य व्हायला मात्र आणखी चार वर्षं जायची होती, आणि परळला सहा छोटी गोदामं बांधली जायची होती.

मुंबईत प्लेग पहिल्यांदा ओळखला तो डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी, १८९६ च्या सप्टेंबरात, मांडवी भागात. मेट्रो सिनेमासमोर ज्यांचा पुतळा आहे ते हेच. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी. खाली पोत्यांच्या थप्प्या, वर माणसांची दाटी, आणि दोहोंच्या मधल्या फटीत उंदरांचं राज्य. व्हिएगसांच्या आधीच तिथे उंदीर मोठ्या संख्येने मरत होते, आणि लोकांनी ते पाहिलंही होतं. हिवाळ्यात निम्मी मुंबई गावाकडे पळाली. गिरण्यांचे साचे बंद पडले. गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगनेच गेले, आणि पुढच्या महिन्यात पुण्याला सावित्रीबाई फुले. १८९१ च्या खानेसुमारीत ८ लाख २१ हजारांवर असलेली मुंबईची वस्ती १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजारांवर आली. वाढायचं सोडून आटलेलं हे शहर, ही गोष्ट आज दादरच्या पुलावर उभं राहून खरी वाटणार नाही.

सरकारने काय केलं ते सर्वांना ठाऊक आहे. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा आला. लष्करी अधिकारी आले, झडत्या झाल्या, रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेलं. पुण्यात त्या जुलमाचा शेवट प्लेग अधिकारी रँडच्या खुनात झाला. इतिहासाची पुस्तकं इथेच रमतात, आणि त्यात चूक काही नाही. पण त्या सगळ्या खटाटोपामागे रोगाबद्दल एक समजूत होती, तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. समजूत अशी, की प्लेगचं विष घाणीत, ओलीत, जमिनीत असतं आणि तळपायाच्या चिरांमधून अंगात शिरतं. गाठ बहुधा जांघेत येते, त्याअर्थी विष पायातूनच येत असणार. तर्क वाईट नव्हता. म्हणून जमिनी खणल्या, भिंतींना चुना मारला, रसकापराच्या आणि कार्बोलिकच्या पाण्याने खोल्या धुतल्या, उजेडासाठी छपरांची कौलं काढली, गटारं समुद्राच्या पाण्याने फळाफळा वाहवली. जंतू त्याने किती मेले कोण जाणे. हुसकलेला उंदीर मात्र शेजारच्या आळीत गेला.

लोकांचं शास्त्र निराळं होतं आणि जुनं होतं. गढवाल-कुमाऊँच्या डोंगरांत उंदीर मरू लागले की गावच्या गाव उठून रानात राहायला जाई, हे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अंमलदारांनीच लिहून ठेवलंय. त्याहीआधी बादशहा जहांगीरने आपल्या आठवणींत एका हवेलीच्या अंगणात दारू प्यायल्यासारख्या झिंगणाऱ्या उंदराची हकीगत नोंदवली आहे. मांजराने त्याला तोंडात धरला आणि लगेच टाकून दिला, पुढे मांजर आजारी पडलं आणि मग घरातली माणसं. तेव्हा उंदीर पडले की घर सोडायचं, हे चाळीतल्या म्हातारीला कुणी शिकवावं लागत नव्हतं. कशामुळे, ते ना तिला ठाऊक होतं, ना परळच्या डॉक्टरांना.

एका फ्रेंच माणसाने ते जवळजवळ सांगितलं होतं. पॉल-लुई सिमाँ हा पाश्चर संस्थेचा डॉक्टर १८९७ मध्ये मुंबईला आला. इथली साथ पाहता पाहता त्याचं लक्ष मेलेल्या उंदरांकडे वळलं. नुकत्याच मेलेल्या उंदराला हात लावणं घातक आणि जुन्या, थंड पडलेल्या उंदराला हात लावणं बिनधोक, असं त्याला दिसलं. दोन उंदरांत फरक काय? एकाच्या अंगावर पिसवा असतात, दुसऱ्याला त्या सोडून गेलेल्या असतात. पुढे कराचीत, २ जून १८९८ रोजी, त्याने एका मोठ्या काचेच्या भांड्यात तळाला वाळू घालून प्लेगचा उंदीर ठेवला, त्यात मांजराच्या अंगावरच्या काही पिसवा सोडल्या, आणि वर एका छोट्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. खालचा मेला. काही दिवसांनी वरचाही मेला, प्लेगनेच. दोघांनी एकमेकांना शिवलंही नव्हतं.

सिमाँवर कुणी विश्वास ठेवला नाही. सरकारने नेमलेल्या पहिल्या प्लेग आयोगाने त्याचं म्हणणं बाजूला सारलं. युरोपातल्या शास्त्रज्ञांनी तर रोकडा आक्षेप घेतला, की उंदराची पिसू माणसाला चावतच नाही. त्यांनी तिथल्या उंदरांच्या पिसवा स्वतःच्या हातावर बसवून पाहिल्या होत्या, त्या काही चावायला तयार होईनात. प्रयोग त्यांच्यापुरता प्रामाणिक होता. घोटाळा होता तो पिसवेच्या जातीत. युरोपच्या थंड हवेतल्या उंदरावर एक जात राहते, आणि मुंबईच्या उंदरावर दुसरी. ही दुसरी मुळात आफ्रिकेकडची, उबदार मुलखातली. चार्ल्स रॉथ्सचाइल्ड या पिसवांच्या शौकिनाने सुदानातल्या नमुन्यांवरून तिला १९०३ मध्येच नाव दिलं, ते पिरॅमिडवाल्या खुफू राजाच्या ग्रीक नावावरून, ‘किओपिस’. (पेढीवाल्या रॉथ्सचाइल्ड घराण्यातला माणूस आयुष्यभर पिसवा जमवत होता, छंदाला घराणं आड येत नाही.) माणसाला चावायचं तिला वावडं नाही. फक्त उंदीर असेल तोवर ती उंदीर सोडत नाही, एवढंच.

लिस्टनला हा धागा सापडला तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत. १९०३ च्या मार्चमध्ये तिथल्या प्राणिसंग्रहालयातले गिनीपिग प्लेगने मरू लागले. गिनीपिग हा दक्षिण अमेरिकेतला प्राणी, त्याला मुंबईतला प्लेग कुठून लागला? मेलेल्या एका गिनीपिगच्या अंगावर लिस्टनला अठरा पिसवा मिळाल्या, सगळ्याच्या सगळ्या उंदराच्या. बागेतले उंदीर मेले होते, आणि उपाशी पिसवांनी जो मिळाला त्याला धरलं होतं. पुढच्याच महिन्यात त्या चाळीची हकीगत आली. राणीच्या बागेतला गिनीपिग आणि गॅलरीत झोपलेला माणूस, पिसवेच्या लेखी दोघेही सारखेच, नाइलाजाचे यजमान.

हे सगळं त्याने मांडलं ते वैद्यांच्या सभेत नव्हे, तर १९०४ च्या अखेरीस बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या बैठकीत. पुढच्या वर्षी सोसायटीच्या नियतकालिकात ‘प्लेग, रॅट्स अँड फ्लीज’ या नावाने तो लेख छापून आला. फोर्टात अपोलो स्ट्रीटवरच्या ज्या कचेरीत सोसायटी नांदत होती तिथे सचिव फिप्सन यांच्या खुर्चीमागे विल्यम नावाचा एक पाळीव धनेश राहत असे. १८९४ पासून तो तिथेच होता. पक्षी, साप, फुलपाखरं यांवर बोलणाऱ्या हौशी मंडळींपुढे प्लेगचा विषय निघावा याचं नवल वाटेल. मला ते अगदी बरोबर वाटतं. इतरांनी रोगी पाहिला, जंतू पाहिला, घाण पाहिली. एक किडा काय खातो, कुठे अंडी घालतो, यजमान मेल्यावर काय करतो, हे प्रश्न निसर्गवेड्यांचे होते, आणि उत्तर त्याच प्रश्नांत होतं.

१९०५ मध्ये विलायतेहून नवं मंडळ आलं. रॉयल सोसायटी, लिस्टर इन्स्टिट्यूट आणि इंडिया ऑफिस यांनी मिळून पाठवलेलं. प्रमुख चार्ल्स मार्टिन. सोबत पेट्री आणि रोलंड. इथले लॅम्ब आणि लिस्टन. मुक्काम परळला, जुन्या गव्हर्नमेंट हाउसात. या वास्तूची कथा गमतीची आहे. आधी पाद्र्यांचा मठ, मग गव्हर्नरांचा बंगला. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी इथेच पटकीने वारल्या, तेव्हापासून गव्हर्नरांनी मलबार हिल गाठलं आणि परळचा वाडा ओस पडला. १८९९ मध्ये डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा इथे आली. प्लेगची लस करून १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेणारे ते हेच हाफकिन. पण नवं मंडळ आलं तेव्हा ते इथे नव्हते. पंजाबातल्या मुलकोवाल गावी १९०२ मध्ये लशीनंतर १९ माणसं धनुर्वाताने दगावली, त्याचा ठपका त्यांच्यावर आला होता. तो पुसला गेला १९०७ मध्ये. प्रयोगशाळेचा कारभार तेव्हा बॅनरमन पाहत होते. आज तिथे हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. केईएमला जाणाऱ्या हजारो माणसांना तिच्या फाटकामागे नाचगाण्याचा दिवाणखाना होता याची कल्पना नसते.

या आवारात मंडळाने सहा खोपटी बांधली. अहवालात त्यांना ‘गोदाम’ म्हटलंय. सहाही एकसारखी, फरक फक्त छपरांचा. दोघांवर नळीची देशी कौलं, ज्यांच्या पोकळीत उंदीर सुखाने संसार थाटतो. दोघांवर चपटी कौलं, तिथे उंदीर राहतो पण बेताने. आणि उरलेल्या दोघांवर पन्हाळी पत्रे, जिथे त्याला थाराच नाही. प्रत्येक छपराखाली तारेची जाळी ताणलेली. उंदीर खाली उतरू शकणार नाही, लेंडी आणि पिसू मात्र पडेल. उंदरांना बिऱ्हाड करायला पुरेसा वेळ दिला. मग खाली गिनीपिग सोडले, काही निरोगी, काहींना प्लेग टोचलेला. सगळे एकाच जमिनीवर, एकाच ताटात खाणारे. जमीन मुद्दाम झाडली नाही. रोग्याची लघवी, विष्ठा, पू, सगळं त्याच खाण्यात मिसळलेलं.

कौलांच्या चारही गोदामांत निरोगी गिनीपिग पटापट मेले. पत्र्याच्या दोन गोदामांत मात्र रोगी मेले, निरोगी जगले. एकमेकांच्या अंगावर झोपून, एकमेकांचं उष्टं खाऊन जगले. मग पत्र्याच्या गोदामात पिसवा आणून सोडल्या, आणि तिथेही मरण सुरू झालं. याच मालिकेत आणखी एक गोष्ट पाहिली गेली, ती मला सर्वांत हलवून जाते. प्लेग झालेल्या मादीचं दूध पिणारी पिल्लं, पिसवा नसतील तर, निरोगी राहिली. छावणीत आईपासून पोर वेगळं करणाऱ्या अंमलदारांच्या नजरेस हे वाक्य दहा वर्षं आधी पडायला हवं होतं.

आता पिसू नेमकी किती लांब उडते? हा प्रश्न हास्यास्पद वाटतो. पण गोदामात तोच निर्णायक ठरला. पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर टांगला तर आतल्या प्राण्याला प्लेग झाला, दोन फुटांवर टांगला तर नाही झाला. पिंजऱ्याभोवती माश्या धरायचा चिकट कागद पसरला. उडीपेक्षा पट्टा रुंद असला, सहा इंचांचा, की आतला प्राणी वाचला, आणि सकाळी त्या चिकट कागदावर पिसवा अडकलेल्या सापडल्या. बारीक जाळीच्या पिंजऱ्यातला गिनीपिग वाचला, साध्या तारेच्या पिंजऱ्यातला त्याच खोलीत मेला. हवा दोघांनाही एकच होती. प्लेग हवेतून पसरतो, या समजुतीचा निकाल तिथे लागला. किओपिस पिसवेची उडी सुमारे पाच इंचांची. साम्राज्याच्या दवाखान्यांना, लष्कराला आणि कायद्याला जो मुक्काम सापडत नव्हता तो पाच इंचांत होता. गॅलरीत झोपायला गेलेली चाळ बरोबर दिशेने निघाली होती, गॅलरी फक्त पुरेशी लांब नव्हती.

पायातून शिरणाऱ्या विषाचंही मंडळाने माप घेतलं. शेणाने सारवलेली जमीन आणि चुन्याची जमीन, दोन्हींवर प्लेगचे जंतू भरपूर ओतले आणि किती काळ त्या बाधतात ते पाहिलं. शेणाची जमीन ४८ तासांनी निर्धोक झाली, चुन्याची २४ तासांनी. ज्या जमिनी फावड्यांनी खणून काढल्या, त्या दोन दिवसांत आपोआप शुद्ध होत होत्या. आणि गाठ जांघेत का? कारण पिसू जमिनीलगतची, उडी पाच इंचांची, आणि माणसाचे पाय उघडे. पायाला चावते, म्हणून गाठ जांघेत. उंदरात मात्र गाठ बहुतेक मानेत निघे, कारण उंदराला स्वतःच्या मानेपर्यंत नीट तोंड पोचवता येत नाही आणि पिसवा तिथेच बस्तान मांडतात. उंदीर उंदराचं प्रेत खाऊन आजारी पडत असेल, अशीही शंका होती. तसं खाऊ घालून पाहिलं तर गाठ पोटात, आतड्यांपाशी निघाली. शहरातून धरून आणलेल्या प्लेगच्या उंदरांत पोटातली गाठ नव्हती. म्हणजे रोग तोंडातून गेला नव्हता, कातडीतून गेला होता. जुन्या काळच्या गुप्तहेर कथेतला शेरलॉक होम्स इतक्या नेटकेपणाने चालतो की नाही, शंका आहे.

गोदामांबाहेरही काम चाललं होतं. उंदीर पडलेल्या खोल्यांत मंडळाची माणसं गिनीपिग नेऊन मोकळे सोडत. रात्रभर तो बिचारा प्राणी खोलीत हिंडे, सकाळी त्याच्या अंगावरून पिसवा वेचून घेत. जिवंत सापळाच तो. प्लेगच्या खोलीतला गिनीपिग इतर खोल्यांतल्यापेक्षा कितीतरी पट पिसवा घेऊन परते, आणि बऱ्याचदा चार दिवसांनी स्वतःही मरे. शीव, वडाळा, परळ आणि वरळी या चार गावांची वेगळी पाहणी झाली. होय, गावं. शेतवाडी, ताडमाड, कोळीवाडे. मुंबई शहर त्यांच्या शिवेला येऊन ठेपलं होतं, आत शिरलं नव्हतं.

आणि शहरातून उंदरांचा ओघ परळकडे सुरू होता. म्युनिसिपालिटीचे लोक सापळे लावत, मेलेले वेचत, प्रत्येकाला कुठे सापडला त्याची चिठ्ठी बांधून प्रयोगशाळेत आणत. गणपतीचं वाहन मारायला कचरणारेही होते. सापळ्यातला उंदीर रात्री हळूच गटाराशी सोडून देणाऱ्यांच्या तक्रारी दप्तरांत आहेत. तरीही वर्षभरात लाखाच्या घरात उंदीर चिरून तपासले गेले. त्यातून मुंबईच्या प्लेगचं पंचांग तयार झालं. शहरात उंदीर मुख्यतः दोन. एक तपकिरी, दांडगा, गटारं आणि वखारींतला; त्याच्या अंगावर पिसवा जास्त. दुसरा काळपट, सडपातळ, लांब शेपटीचा, चाळींच्या वरच्या मजल्यांपर्यंत सहज चढणारा, अगदी घरातला. साथ आधी गटारातल्यात उठे. सुमारे दहा दिवसांनी घरातल्यात. आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसांत. हा शेवटचा अवधी मंडळाने उलगडूनही दाखवला. यजमान मेल्यावर पिसू तीनएक दिवस उंदीर शोधते, मग माणसाला चावते. माणसात रोग उघडा पडायला तीन दिवस. ताप ते मृत्यू सरासरी साडेपाच. बेरीज करा. म्हातारीचं ‘उंदीर पडले की घर सोडा’ हे शास्त्र इथे तारखेनिशी सिद्ध झालं, आणि घर सोडायला किती दिवस हाती असतात तेही कळलं.

पिसवेचा जन्मक्रम पाहिला तर मांडवीच का, याचाही उलगडा होतो. मादी उंदराच्या अंगावर असताना अंडी घालते, ती घरंगळून बिळात, जमिनीच्या फटीत पडतात. त्यातून निघणारी अळी रक्त पीत नाही, ती भुसकट, धूळ, मोठ्या पिसवांच्या विष्ठेतलं वाळलेलं रक्त असलं खाते. मग स्वतःभोवती धुळीचा कोश विणते. उबदार, दमट हवेत अंड्यापासून पिसवेपर्यंत सारं तीन आठवड्यांत उरकतं. धान्याच्या वखारीइतकं चांगलं बाळंतघर तिला कुठे मिळणार? आणि मुंबईत साथ दर हिवाळ्यात चढून मार्चच्या आसपास शिगेला का पोचे, पावसाळ्याच्या तोंडाशी का ओसरे, याचं एक कारण उन्हाळ्यात सापडलं. हवा सुमारे ३० अंश सेल्सियसच्या वर गेली की पिसवेच्या पोटातले जंतू लवकर नाहीसे होतात. थंडीत ते आठवडे-आठवडे टिकतात. पिसवेचं पोट केवढं? अर्धा घन मिलिमीटर. पण मरायला टेकलेल्या उंदराच्या तेवढ्या रक्तात पाच हजार जंतू सहज जातात.

एक कोडं उरलं. पिसू रक्त पिते, म्हणजे आत ओढते. मग जंतू बाहेर, माणसाच्या अंगात, कसे जातात? परळच्या मंडळाला वाटलं, विष्ठेतून. चावलेल्या जागी खाजवलं की आत जात असतील. खरं उत्तर लंडनला सापडलं, १९१४ मध्ये. तेच मार्टिन, आणि सोबत आर्थर बॅकट. हा बॅकट मूळचा कचेरीतला कारकून, फावल्या वेळात किडे पाहणारा. त्यांना दिसलं, की काही पिसवांच्या घशाशी, पोटाच्या दारातच, जंतूंचा बोळा बसतो. रक्त आत जाईना. पिसू उपाशी. जितकी उपाशी तितकी चावरी. ती ओढते, रक्त त्या बोळ्यावर आदळतं आणि जंतू घेऊन उलट जखमेत येतं. मग ती दुसरीकडे चावते, तिसरीकडे चावते, आणि रक्ताने पोट भरण्याच्या खटपटीत स्वतः भुकेने मरते. पिसवेच्या उपासमारीवर प्लेग जगत होता.

नंतरचं चटकन सांगता येतं. गाळे मोकळे करणं, वखारी वस्तीपासून दूर नेणं, मंगलोरी कौलं आणि पक्क्या जमिनी, सुधारणा ट्रस्टचे रुंद रस्ते, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती. यातलं काही या संशोधनाआधीच ठरलेलं होतं, काही भाडेकरूंना आणखी दूर हाकलणारंही ठरलं. भारतभर प्लेगने एक कोटीहून जास्त माणसं नेली, आणि मुंबईतली साथ वर्षागणिक बारीक होत गेली. पण ती बारीक झाली याचं श्रेय नुसतं रस्त्यांना देता येत नाही.

१९३० च्या दशकात त्याच परळच्या वाड्यात, आता हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाच्या संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखी आणि त्यांचे सहकारी चित्रे यांनी ठिकठिकाणच्या उंदरांना प्लेग टोचून पाहिला. १९३७ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. मद्रासला प्लेग कधी फारसा पोचलाच नव्हता. तिथले उंदीर जेवढ्या मात्रेने सरसकट मरत, तेवढी मात्रा मुंबईचे बहुतेक उंदीर पचवत होते. चाळीस वर्षांत जे मरायचे ते मरून गेले होते. उरलेल्यांची पोरं, नातवंडं, पणतवंडं गटारांत आणि छपरांत नांदत होती. मुंबईचा उंदीर आता पडत नव्हता, आणि तो पडत नसल्यामुळे पिसवेला त्याच्या अंगावरून उतरायचं काही कारण राहिलं नव्हतं.